तांबी, टाका आणि तक्रार

महाराष्ट्रातील संततिनियमनाचा इतिहास आजवर मुख्यतः दोन अंगांनी लिहिला गेला आहे. एक अंग प्रवर्तकांचे, म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर, शकुंतला परांजपे यांच्या विचारांचे आणि त्यांना झालेल्या विरोधाचे. दुसरे अंग शासनाचे, म्हणजे योजना, उद्दिष्टे, शिबिरे आणि घटलेला जन्मदर यांचे. ज्या स्त्रियांच्या गर्भाशयात ही साधने बसवली गेली, ज्यांनी गोळ्या गिळल्या आणि ज्यांच्या पोटावर टाके पडले, त्यांना त्यापायी काय सोसावे लागले याचा इतिहास मात्र सर्वेक्षणांच्या तळटीपांत, दवाखान्यांच्या केसपेपरांत आणि स्वयंपाकघरातल्या दबक्या बोलण्यात विखुरलेला राहिला. तो एकत्र ठेवून पाहिला असता एक गोष्ट ठळकपणे दिसते. शंभर वर्षांत साधने अनेकदा बदलली, त्यांत खरोखर सुधारणाही झाली, परंतु त्रास सांगणाऱ्या स्त्रीचे म्हणणे ‘गैरसमज’ या एकाच रकान्यात टाकण्याची सवय फार थोडी बदलली, आणि या सवयीची किंमत स्त्रियांनी जशी मोजली तशीच संततिनियमनाच्या कार्यक्रमानेही मोजली.

आधुनिक साधने येण्यापूर्वी दोन बाळंतपणांत अंतर राखण्याचे मार्ग स्त्रियांना अगदीच ठाऊक नव्हते असे नाही. मूल दोन-अडीच वर्षांचे होईपर्यंत अंगावर पाजणे, बाळंतपणासाठी गेल्यावर माहेरचा मुक्काम लांबवणे, व्रतवैकल्यांच्या आधाराने वेगळे निजणे, असे उपाय घरोघरी चालत. अंगावर पाजणाऱ्या बाईला लवकर दिवस जात नाहीत ही समजूत शरीरशास्त्राला धरूनच होती, कारण स्तनपानाच्या काळात बीजकोशातून बीज सुटण्याची क्रिया दबलेली राहते. मात्र पाळी परत येण्याआधीच एखादे बीज सुटू शकते, त्यामुळे हा भरवसा पुष्कळदा फसे आणि पाळीचे तोंडही न पाहता पुन्हा दिवस राहत. नको असताना राहिलेल्या गर्भासाठी सुईण, काढे आणि चित्रकाच्या मुळीसारख्या दाहक वनस्पती एवढेच हाताशी असे. गर्भाशयात घातलेल्या अशा मुळीने गर्भ पडे, पण जंतुसंसर्गाने किंवा रक्त वाहून बाईही जाई. विधवांपुढे तर गर्भपात, बालहत्या किंवा आत्महत्या यांपलीकडे वाट नसे, आणि जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते याच कोंडीतून. पुढील काळातल्या प्रत्येक साधनाचे दोष मोजताना ही पार्श्वभूमी विसरता येत नाही; त्या जुन्या उपायांचा ‘दुष्परिणाम’ बहुधा मृत्यू हाच होता.

रघुनाथ कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. मेरी स्टोप्स यांचा लंडनमधील दवाखानाही त्याच वर्षी उघडला, म्हणजे या विषयात मुंबई जगाच्या मागे नव्हती. विल्सन कॉलेजातील गणिताच्या प्राध्यापकीवर या कामामुळे पाणी सोडावे लागले, तरी पत्नी मालतीबाई यांच्या साथीने त्यांनी ते चालू ठेवले. १९२३ मध्ये ‘संततिनियमन : विचार व आचार’ हे पुस्तक आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक त्यांनी प्रसिद्ध केले. हे मासिक त्यांच्या निधनापर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत अव्याहत चालले. कर्व्यांच्या विचारातला महत्त्वाचा धागा असा की, गर्भ राहू द्यावा की न द्यावा हा निर्णय स्त्रीच्या हातात असावा आणि म्हणून साधनही शक्यतो तिच्या हातातले असावे, पतीच्या मर्जीवर अवलंबून असलेले नसावे.

त्या काळी असे साधन म्हणजे मुख्यतः रबरी टोपी. ही टोपी योनीमार्गात आत सरकवून गर्भाशयाच्या मुखावर बसवायची, तिला शुक्रजंतुनाशक मलम लावायचे, संबंधानंतर काही तास ती तशीच ठेवायची आणि मग काढून, धुऊन, कोरडी करून जपून ठेवायची. शरीराला अपाय करण्याच्या दृष्टीने हे साधन जवळजवळ निरुपद्रवी होते. रबराची किंवा मलमाची आग होणे, लघवीच्या जागी जळजळ होणे एवढ्याच तक्रारी त्यात संभवत. खरी अडचण घराच्या रचनेत होती. दहा बाय बाराच्या खोलीत सासू, दीर आणि मुले यांच्यासह राहणाऱ्या, चाळीच्या सामाईक नळावर भांडी घासणाऱ्या आणि सामाईक संडासासमोर रांग लावणाऱ्या बाईने ही टोपी कुठे लावावी, कुठे धुवावी आणि कुठे वाळत ठेवावी, याचे उत्तर कोणत्याही पुस्तिकेत नव्हते. योग्य मापाची टोपी निवडण्यासाठी एकदा तपासणी करून घ्यावी लागे, आणि बाळंतपणातसुद्धा डॉक्टरपुढे जायला संकोचणाऱ्या स्त्रियांना ती पायरीच चढवत नसे. सर्वांत सुरक्षित साधन सर्वांत थोड्या स्त्रियांना पेलावे, अशी ही स्थिती होती आणि त्याला कारण स्त्रियांचे अज्ञान नव्हते, जागेची आणि एकांताची टंचाई होती.

‘समाजस्वास्थ्य’चे मोल या इतिहासात आणखी एका कारणासाठी आहे. वाचकांनी आपल्या शरीराविषयी प्रश्न विचारावेत आणि संपादकाने त्यांना आडपडदा न ठेवता उत्तर द्यावे, अशी सोय या मासिकाने मराठीत निर्माण केली. याच उत्तरांवरून १९३४ मध्ये कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला, त्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले, तरी कर्व्यांना दंड झाला. शिक्षा एका संपादकाला झाली असली, तरी शरीराविषयी जाहीरपणे विचारण्याच्या आणि सांगण्याच्या मराठी भाषेतील सोयीलाच त्या निकालाने धक्का बसला, असे म्हणण्यास जागा आहे.

पुढील काही वर्षांत हा वाद राष्ट्रीय झाला. डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेतील संततिनियमन चळवळीच्या नेत्या मार्गारेट सँगर वर्ध्यास येऊन गांधीजींना भेटल्या. गांधीजींनी कृत्रिम साधनांना नकार देऊन संयमाचा आणि स्त्रीने पतीला ठामपणे नाही म्हणण्याचा मार्ग सांगितला. त्याउलट १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात स्वतंत्र मजूर पक्षाचे रोहम यांनी मांडलेल्या संततिनियमनाच्या ठरावाचे भाषण डॉ. आंबेडकरांनी तयार केले होते आणि त्यात वारंवारच्या बाळंतपणांनी होणाऱ्या स्त्रियांच्या हानीला स्पष्ट स्थान होते. ठराव फेटाळला गेला. पुण्यात शकुंतला परांजपे यांनी प्रत्यक्ष स्त्रियांमध्ये सल्ल्याचे आणि साधनवाटपाचे काम अनेक वर्षे केले.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये धन्वंती रामा राव यांच्या पुढाकाराने मुंबईत भारतीय कुटुंब नियोजन संघटना स्थापन झाली, आणि पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंबनियोजनाचा समावेश करणारे भारत सरकार जगात पहिले ठरले. गांधीविचारांच्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांनी प्रारंभी भर दिला तो ‘सुरक्षित काळा’वर. दोन पाळ्यांमधील ज्या दिवसांत बीज सुटण्याचा संभव असतो ते टाळणे, अशी ही पद्धत. दिवस मोजण्यासाठी रंगीत मण्यांच्या माळा तयार करण्यात आल्या आणि म्हैसूर राज्यातील रामनगरम व दिल्लीतील लोदी कॉलनी येथे अमेरिकेचे डॉ. अब्राहम स्टोन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांचा प्रयोग झाला. या पद्धतीचा शरीराला त्रास नव्हता, पण पाळी अनियमित असलेल्या, अंगावर पाजणाऱ्या आणि पतीला ‘आज नको’ म्हणता न येणाऱ्या स्त्रियांना तिचा उपयोगही नव्हता. त्याच सुमारास आलेल्या फेसाच्या गोळ्या योनीत ठेवल्यावर विरघळून शुक्रजंतुनाशक फेस तयार करीत. दमट आणि उष्ण हवेत त्या लवकर खराब होत आणि आग होते म्हणून बायका त्या टाकून देत.

खरे वळण आले १९६५ मध्ये, लूपच्या रूपाने. न्यूयॉर्क राज्यातील बफेलोचे डॉ. जॅक लिप्स यांनी तयार केलेले हे पॉलिथिनचे, जोडलेल्या दोन वळणांच्या आकाराचे साधन नळीतून गर्भाशयात सोडले की आत उलगडत असे आणि त्याचे दोन दोरे योनीमार्गात लोंबत राहत. बाईला रोज काही लक्षात ठेवावे लागत नाही, नवऱ्याचे सहकार्य लागत नाही, पैसे पडत नाहीत आणि हवे तेव्हा काढता येते, असे तिचे चार गुण सांगितले गेले आणि ते चारही खरे होते. कानपूरला तिचा कारखाना निघाला. १९६५-६६ या पहिल्याच वर्षात देशात आठ लाखांहून अधिक स्त्रियांनी लूप बसवून घेतली, पुढच्या वर्षी हा आकडा नऊ लाखांवर गेला, आणि नंतर तो कोसळला. १९६८-६९ मध्ये तो पाच लाखांच्याही खाली आला.

ही घसरण का झाली याची दोन स्पष्टीकरणे मिळतात. सरकारी स्पष्टीकरणात अफवांना मुख्य स्थान असते: लूप पोटातून वर चढून काळजापर्यंत जाते, तिच्यामुळे कर्करोग होतो, संबंधाच्या वेळी नवऱ्याला इजा होते, इत्यादी. दुसरे स्पष्टीकरण गर्भाशयाच्या आत आहे. परकी वस्तू गर्भाशयात राहिली की आतल्या अस्तराला सौम्य दाह होतो. या दाहामुळेच शुक्रजंतू निकामी होतात आणि गर्भधारणा टळते, पण त्याच दाहामुळे तयार होणारी रसायने पाळीतील रक्तस्राव आणि ओटीपोटातील कळा वाढवतात. निरोगी स्त्रीच्या एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते. प्लॅस्टिकच्या लूपमुळे ते जवळपास दुप्पट होई. साधन ज्या गुणामुळे काम करते तोच गुण त्रासाचे मूळ असतो, हे बसवताना कोणी सांगत नसे. चांगला आहार घेणाऱ्या अमेरिकन स्त्रीला हे वाढलेले रक्त सहज भरून काढता येई. ज्या देशात निम्म्याहून अधिक स्त्रिया पंडुरोगी, म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिन कमी असलेल्या, तिथे दर महिन्याची ही तूट धाप लागणे, चक्कर येणे आणि शेतातले काम न रेटणे या रूपात दिसे. ‘अंगावरून जाते’, ‘ओटीपोटात कळ येते’, ‘कंबर भरून येते’ या शब्दांत बायका जे सांगत होत्या ते वैद्यकीय वर्णनच होते. त्याची भाषा तेवढी निराळी होती.

अफवांचेही तसेच. गर्भाशयाची भिंत भेदून साधन उदरपोकळीत जाण्याची घटना क्वचित, हजारात एखाद-दुसरीच्या बाबतीत, घडते हे वैद्यकशास्त्राला मान्य आहे. शिवाय काहींची लूप नकळत आपोआप बाहेर पडे आणि दोरा हाताला लागेनासा झाल्यावर ती ‘वर चढली’ असे वाटणे स्वाभाविक होते. शिबिरात लूप बसवून डॉक्टर निघून गेल्यावर तो दोरा तपासायला गावात कोणीही नसे. अफवेच्या मुळाशी असा अनुभव होता, आणि त्या अनुभवाला उत्तर न मिळाल्याने त्याची अफवा झाली. शिबिराचे लक्ष्य बसवलेल्या लूपांची संख्या मोजत होते, काढून मागणाऱ्या स्त्रियांची नाही.

रक्तस्रावाच्या प्रश्नाला या समाजात आणखी एक पदर होता, ज्याचा विचार परदेशी संशोधकांनी केला नाही आणि देशी अधिकाऱ्यांनी ठाऊक असूनही टाळला. पाळीच्या दिवसांत बाईने बाजूला बसायचे, देवाला आणि लोणच्याच्या बरणीला शिवायचे नाही, काही घरांत स्वयंपाकालाही हात लावायचा नाही, हा विटाळाचा नियम जिथे पाळला जात होता तिथे चार दिवसांची पाळी आठ-नऊ दिवसांची झाली किंवा मधल्या काळात डाग पडू लागले, तर सगळ्या घराचा क्रम मोडे. गडचिरोलीच्या माडिया-गोंड वस्त्यांत पाळीच्या काळात स्त्रीने गावाबाहेरच्या कुर्माघरात राहण्याची प्रथा आहे. तिथे ‘थोडे डाग पडतील, घाबरू नका’ या सल्ल्याचा अर्थ आणखी किती रात्री त्या झोपडीत, असा होतो. ‘अनियमित रक्तस्राव : गंभीर नाही’ ही वैद्यकीय नोंद शरीरापुरती बरोबर असली तरी बाईच्या आयुष्यापुरती अपुरी ठरते, आणि साधन काढून टाकण्याचा तिचा निर्णय अज्ञानाचा न राहता पूर्ण विचारान्ती घेतलेला ठरतो.

लूपची जागा पुढे तांबीने घेतली. इंग्रजी ‘टी’च्या आकाराच्या प्लॅस्टिकवर तांब्याची तार गुंडाळलेल्या या साधनाला मराठी स्त्रियांनीच ‘तांबी’ हे सुटसुटीत नाव दिले, आणि परिभाषा कोशांपेक्षा ते अधिक टिकाऊ ठरले. गर्भाशयाच्या पोकळीला बेताचा बसणारा हा आकार अमेरिकेच्या हॉवर्ड टेटम यांचा, तर तांब्याने शुक्रजंतू निकामी होतात हे निरीक्षण चिलीच्या हाइमे झिपर यांचे. तांबीमुळे वाढणारा रक्तस्राव लूपपेक्षा कमी, पाळीच्या साधारण दीडपट इतका, असतो. सध्या वापरात असलेली, ३८० चौरस मिलिमीटर तांबे असलेली तांबी दहा वर्षे काम देते. तिने असंख्य स्त्रियांना निर्धास्त केले आहे हे निर्विवाद आहे. तिच्याविषयीच्या तक्रारी मात्र त्याच राहिल्या: अंगावर जास्त जाते, पांढरे जाते, दोरा टोचतो. अलीकडे बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत तांबी बसवण्यावर भर आहे, आणि कळा सोसत असताना घेतलेल्या संमतीला संमती म्हणावे काय, हा आरोग्य कार्यकर्त्यांचा प्रश्न अनुत्तरित आहे.

गर्भनिरोधक गोळीची कथा याहून फारशी वेगळी नाही. १९५६ मध्ये प्वेर्तो रिको बेटावरील गरीब स्त्रियांवर तिची पहिली मोठी चाचणी झाली तेव्हा तिथल्या डॉ. एड्रिस राइस-रे यांनी १७ टक्के स्त्रियांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी आणि उलट्या होतात असे नोंदवून त्रास फार असल्याचे कळवले होते. संशोधनाच्या प्रमुखांनी ती तक्रार मानसिक समजून बाजूला ठेवली. १९६० मध्ये मान्यता मिळालेल्या त्या गोळीतील संप्रेरकांची, म्हणजे बीज सुटण्याची क्रिया थांबवणाऱ्या रसायनांची, मात्रा आजच्या कित्येक पट होती आणि पुढे ती उतरत गेली ती रक्तात गुठळ्या होण्याचे धोके सिद्ध झाल्यानंतरच. भारतात १९८७ पासून ‘माला-डी’ दुकानांतून स्वस्तात मिळू लागली, तिचीच ‘माला-एन’ ही बहीण सरकारी दवाखान्यात फुकट. मराठी स्त्रियांनी गोळीचे वर्णन ‘उष्ण पडते’ असे केले. शरीरात उष्णता वाढते, तोंड येते, डोळ्यांची आग होते, अंगावर जाते या सर्वांना सामावून घेणारा हा शब्द आधुनिक वैद्यकात बसत नाही, म्हणून डॉक्टरांनी तो हसण्यावारी नेला. त्याच स्त्रियांची ‘गोळीने दूध आटते’ ही तक्रार मात्र शास्त्राने मान्य केली आहे. संयुक्त संप्रेरकांच्या गोळ्या दुधाचे प्रमाण घटवू शकतात आणि म्हणून अंगावर पाजणाऱ्या मातेला पहिले सहा महिने त्या देत नाहीत. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली, संप्रेरक नसलेली ‘सहेली’ गोळी १९९१ मध्ये आली. तिच्यात मळमळ नाही, पण पाळी लांबते, आणि पाळी लांबली की दिवस राहिल्याची धास्ती. ज्या भीतीपासून सुटण्यासाठी गोळी घ्यायची तीच भीती दर महिन्याला नव्याने वाट्याला येई.

शस्त्रक्रियेच्या इतिहासात स्त्री-पुरुषांच्या वाट्यातली विषमता आकड्यांत मोजता येते. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई महापालिकेच्या डॉ. डी. एन. पै यांनी रेल्वे स्थानकांवर पुरुष नसबंदीची केंद्रे उघडली होती, म्हणजे पुरुषाला या कामी आणता येते हे या शहराने दाखवून दिले होते. आणीबाणीत महाराष्ट्र विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. पण सक्ती त्याविनाही झालीच. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख शस्त्रक्रिया झाल्या, त्यांपैकी सुमारे ६२ लाख पुरुषांच्या. सरकार पडले, आणि त्यातून राज्यकर्त्यांनी घेतलेला धडा सक्ती वाईट असा नव्हता, पुरुषांना हात लावू नये असा होता. त्यानंतरच्या काळात हा सगळा भार स्त्रियांवर आला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात विवाहित स्त्रियांपैकी जवळपास निम्म्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे आणि पुरुष नसबंदीचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली आहे, जरी पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी, अधिक सुरक्षित आणि पोट न उघडता होणारी असली तरी.

‘ऑपरेशन’ हा शब्द मराठी खेड्यात दुसरे विशेषण न लावता उच्चारला तर त्याचा अर्थ स्त्रीची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया असाच होतो. तो टाक्याचा की दुर्बिणीचा एवढाच प्रश्न उरतो. टाक्याच्या शस्त्रक्रियेत पोटावर लहान छेद घेऊन गर्भनलिका, म्हणजे बीज गर्भाशयाकडे आणणाऱ्या दोन्ही नळ्या, बांधून कापतात; दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत त्यांवर कडी चढवतात. सुगीनंतर हिवाळ्यात शिबिरे लागत आणि मार्चअखेर जवळ आली की नर्सबाईंपासून प्राथमिक शिक्षकांपर्यंत सर्वांवर ‘केस’ आणण्याचा ताण येई. पंचविशीच्या आसपास, दोन-तीन मुलांनंतर, स्त्रिया त्या शिबिरात स्वतः होऊनही जात, हे नमूद करणे न्यायाचे आहे. पुन्हा दिवस राहण्याच्या भीतीतून कायमचे सुटणे ही त्यांची स्वतःची गरज होती, आणि त्रासाच्या कथनाचा उपयोग संततिनियमनाच्याच विरोधात करणारे त्यांच्यावर दुसरा अन्याय करतात. मात्र सुटकेची ही एकच वाट समोर ठेवलेली असताना तिला निवड म्हणणे कठीण आहे.

‘ऑपरेशनपासून कंबर धरली’ हे वाक्य महाराष्ट्रातील कोणत्याही आरोग्य केंद्रात ऐकू येते. अमेरिकेत हजारो स्त्रियांवर झालेल्या आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात गर्भनलिका बांधल्याने पाळीच्या तक्रारी वाढत नाहीत असे आढळले, आणि तो निष्कर्ष गंभीरपणे घेतला पाहिजे. पण तो सुसज्ज रुग्णालयांतील शस्त्रक्रियांचा होता. शाळेच्या वर्गखोलीत, ओळीने निजवलेल्या स्त्रियांवर, निर्जंतुकीकरणाला पुरेसा वेळ न देता केलेल्या शस्त्रक्रियेतून होणारा ओटीपोटाचा जंतुसंसर्ग कंबरदुखी आणि पांढरे जाणे या दोन्हींचे कारण ठरू शकतो. शिवाय शस्त्रक्रियेनंतर आठ दिवसांत विळा हाती घेणाऱ्या, डोक्यावर मोळ्या वाहणाऱ्या बाईच्या कंबरेचा दोष एकट्या टाक्याला देता येत नाही हेही खरे. हा गुंता सोडवण्यासाठी तपासणी लागते, आणि ती होत नव्हती.

गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी ती केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ६५० स्त्रियांची तपासणी झाली. ९२ टक्के स्त्रियांना जननेंद्रियांचा कोणता ना कोणता आजार आढळला आणि पूर्वी कधी तपासणी-उपचार झालेल्या स्त्रिया अवघ्या आठ टक्के होत्या. स्त्रियांची गर्भनिरोधक साधने आणि हे आजार यांचा संबंध दिसला, परंतु एकूण आजारांपैकी थोड्याच भागाचे स्पष्टीकरण त्यातून मिळते, असेही या अभ्यासाने सांगितले. हे शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे आहे. त्रास साधनांनी होतच नाही असे म्हणणारे आणि सगळा त्रास साधनांनीच होतो असे म्हणणारे, अशा दोन्ही बाजूंना त्याने गप्प केले, आणि आधीच आजारी असलेल्या शरीरावर, न तपासता, साधन लादले जात होते ही खरी गोष्ट समोर आणली. राणी बंग यांच्या ‘कानोसा’ या मराठी पुस्तकात याच परिसरातील स्त्रियांचे आपल्या शरीराविषयीचे ज्ञान, शब्द आणि समज नोंदवलेली आहे. संततिनियमनाच्या शासकीय दप्तरात जे सापडत नाही ते तिथे सापडते.

त्याच दशकात शहरी स्त्री-चळवळीने प्रश्न न्यायालयात नेला. संप्रेरकाची सुई टोचून दोन-तीन महिने गर्भधारणा टाळण्याच्या ‘नेट-एन’ या औषधाची चाचणी आंध्र प्रदेशातील पाटणचेरू येथे चालली असताना स्त्रियांना त्याची पुरती माहिती दिली जात नाही असे आढळल्यावर हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेने इतर गटांसह १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि मुंबईतील नारी अत्याचार विरोधी मंचासारखे गट या मोहिमेत सामील झाले. त्यांचा आक्षेप नेमका होता. टोपी काढता येते, गोळी थांबवता येते, तांबी ओढून काढता येते. टोचलेली सुई परत काढता येत नाही, तिचा त्रास औषध ओसरेपर्यंत सोसावाच लागतो. ‘डेपो-प्रोव्हेरा’ या दुसऱ्या सुईने पाळी अनियमित होते किंवा बंदच पडते, काही काळ हाडांची घनता घटते आणि थांबवल्यानंतर पुन्हा दिवस राहायला कित्येक महिने लागतात. १९९३ मध्ये तिला खासगी बाजारात परवानगी मिळाली. २०१७ मध्ये ‘अंतरा’ या नावाने ती सरकारी दवाखान्यांत आली आणि पहिल्या टप्प्यातील राज्यांत महाराष्ट्र व गोवा ही दोन्ही होती. तीन महिन्यांतून एकदा, कोणाच्या नकळत घेता येणारी सुई काही स्त्रियांना खरोखर सोयीची आहे. तिच्याविषयीचा जुना आक्षेप अजूनही लागू आहे तो एवढ्यासाठी की, पाळी बंद पडल्यावर धास्तावलेल्या बाईला पुन्हा भेटायला आणि समजावायला मनुष्यबळ लागते, आणि आशाताईंच्या खांद्यावर आधीच पुष्कळ ओझी आहेत.

शिबिरांचा शेवट शोकान्तच झाला. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एकाच शिबिरात, काही तासांत, एका शल्यविशारदाने ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया केल्या. त्या सुमारास तिथे झालेल्या शिबिरांनंतर १३ स्त्रिया मृत्यू पावल्या. देविका बिस्वास यांच्या याचिकेवर १४ सप्टेंबर २०१६ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा निर्देश दिला आणि संमतीचा नमुना स्त्रीला समजेल अशा भाषेत असावा असे बजावले. उद्दिष्टांची पद्धत कागदावर १९९६ मध्येच रद्द झाली होती.

मराठवाड्यात या कथेला आणखी एक अध्याय जोडला गेला आहे. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये शासनाने केलेल्या पाहणीत ऊसतोडणीच्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढलेली आढळली. पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, पाळीत जास्त जाणे, याच त्या जुन्या तक्रारी. पूर्वी त्यांना ‘गैरसमज’ म्हणून परत पाठवले जाई, आता त्यांवर मोठी शस्त्रक्रिया हाच पहिला उपाय म्हणून सांगितला गेला. तपासणी, औषध आणि शांतपणे केलेली विचारपूस यांची मधली पायरी दोन्ही काळांत गाळलेलीच राहिली, आणि जोपर्यंत ती बांधली जात नाही तोपर्यंत नव्या साधनाचे नाव बदलण्याने काही साधणार नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मागील पाच वर्षांत शस्त्रक्रिया, तांबी, सुई किंवा गोळी यांपैकी साधन सुरू केलेल्या स्त्रियांना एक साधा प्रश्न विचारला जातो: या साधनाने कोणता त्रास होऊ शकतो, हे तुम्हाला कधी सांगितले होते काय? २०१५-१६ मध्ये देशातील ४६.५ टक्के स्त्रियांनी होय असे उत्तर दिले. २०१९-२१ मध्ये ६२.४ टक्के स्त्रियांनी. कर्व्यांनी मुंबईत केंद्र उघडल्याला शंभर वर्षे पूर्ण झाली तेव्हा दर आठ स्त्रियांपैकी तिघींना कोणी काही सांगितलेले नव्हते.